अळणी चातुर्मास

गोदूबाईनं सुनेला पहिल्यांदा मीठ खाताना पाहिलं ते माघात, मिठागराच्या बांधावर, उन्हं नुकती वर आली होती तेव्हा.

त्या दिवशी मोसमातली मिठाची पहिली रास लागली होती. पेणच्या खाडीकाठच्या त्या गावात पहिल्या राशीची एक रीत होती. बांधाच्या टोकाला शेंदूर फासलेली देवी. तिच्यापुढे नारळ फुटून ओंजळभर नवं मीठ ठेवलं जाईपर्यंत राशीतला कण कुणी जिभेला लावायचा नाही. गोदूबाईचा नवरा काळुराम चाळीस वर्षं त्या मिठागरावर राबत होता. पूजेआधी बोटाला लागलेलं मीठही तो धोतराला पुसायचा. आणि त्याची सून सरू, लग्नाला दोन वर्षं झालेली, राशीच्या आडोशाला उकिडवी बसून मुठीतले खडे तोंडात टाकत होती. पोरं खडीसाखर खातात तशी.

गोदूबाईच्या हातात पूजेची परडी होती. ती तशीच हातात राहिली.

"सरू."

सरू दचकून उठली आणि उठताउठताच झोकांडी जाऊन राशीवर रेलली. "काय नाय, आत्या. घेरी आली." सासूला ती आत्या म्हणे. ओठांवर पांढरे कण तसेच होते.

गोदूबाई आवाज चढवणारी बाई नव्हती. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तीस वर्षांत तिनं चहाचा घोट घेतला नव्हता. सोमवार, गुरुवार, एकादश्या, सगळं कसं मुकाट्यानं चालायचं. तिनं पदराच्या टोकानं सुनेचे ओठ पुसले आणि इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघितलं नव्हतं. तोवर काळुराम नारळ घेऊन आलाच. त्यानं देवीपुढे मीठ ठेवलं तेव्हा गोदूबाईनं डोळे मिटले. 'उष्टं पडलं गो बाय तुज्या पुढ्यात. पोर डोंगरची हाय, तुजी रीत तिला ठाव नाय. माफ कर.'

डोंगरची म्हणजे गडब गावाच्या पलीकडची, भाताच्या गावातली. सरूचा बाप महिपती शेतकरी माणूस. त्यांच्या घरात मीठ पुडीतून यायचं.

गोदूबाईनं ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. सांगितली असती तर वर्षभर जे जे वाईट घडलं असतं, ते ते गावानं सरूच्या नावावर टाकलं असतं.

फाल्गुनात सरू काळी पडायला लागली. आता मिठागरावर काळं कोण पडत नाही? वरून ऊन, खालून पाण्याची तिरीप. पण हा रंग वेगळाच होता. तळहाताच्या रेषा कुणी काजळानं ओढल्यासारख्या दिसायला लागल्या. मनगटावर लहानपणी भाजल्याचा एक पुसट वण होता, तो जांभळागर्द झाला. एकदा ती हसली तेव्हा गोदूबाईला तिच्या हिरड्यांवर काळे डाग दिसले, आणि हिरड्यांना काही ऊन लागत नाही.

शेजारची धोंडुबाई नळावर सगळ्यांदेखत म्हणाली, "गो गोदू, तुजी सून मिठागरात जाते का कोळशाच्या वखारीत? गोरी आनलीस आनि काय करून ठेवलंस तिचं?"

बाया हसल्या. सरूही हसली. तिला हंडा मात्र उचलवेना; गोदूबाईनंच तो आपल्या कमरेवर घेतला.

चैत्रात सरूला उलट्या सुरू झाल्या आणि घरात एकदम आनंद झाला. काळुरामनं कुठूनशा कैऱ्या आणल्या. सरूनं कैरीची फोड मिठात बुडवली, मीठ चाटून घेतलं आणि फोड तशीच ताटलीत ठेवली. पुन्हा बुडवली, पुन्हा चाटली. काळुराम म्हणाला, "हिला पोरगा झाला तर मुकादमच व्हनार, मिठाची पारख पोटातनंच." वैशाखात गावात येणाऱ्या नर्सनं तपासलं आणि मान हलवली. दिवस गेलेले नव्हते. उलट्या मात्र चालूच राहिल्या. पेणला नेलं तर तिथल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून टॉनिकची बाटली दिली. ती संपली, दुसरी आणली. सरूच्या दंडावरची चोळी ढगळ झाली.

मग गोदूबाईच्या मनात जे माघापासून घोळत होतं ते पक्कं झालं. देवीचं मीठ आधी खाल्लं, तेच अंगावर चढलं. तेच आतून तिला ओढतंय आणि बाहेरून काळं करतंय. चढलेलं उतरवायचं तर ज्याचा अपराध त्याचाच त्याग करायचा. चातुर्मासात बायका काही ना काही सोडतातच. कुणी वांगं, कुणी कांदा. गोदूबाईनं आषाढी एकादशीच्या सकाळी सरूला तुळशीपाशी बसवलं.

"चार महिने मीठ सोडायचं."

"चार महिने, आत्या?"

"कार्तिकीपत्तुर. मंग उद्यापन करू, देवीची ओटी भरू. तू एकली नाय गो. मीबी तुज्यासंगं सोडते."

सरूनं फळीवरच्या मिठाच्या बरणीकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. गोदूबाईनं तिच्या तळहातावर पाणी सोडलं. ते पाणी त्या काळ्या रेषांतून वाहत गेलं.

त्या दिवसापासून भाजी आधी दोघींची काढायची आणि मग काळुरामपुरतं मीठ घालायचं. त्यालाच जास्त हसू यायचं. "मिठागऱ्याच्या घरात अळणी कालवण. शेटला कळलं तर म्हनंल, काळ्या, माल विकायचा का नाय आपल्याला?"

तीन आठवडे गेले. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी गोदूबाई देवळातून लवकर परतली. सरू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर लोणच्याची रिकामी बरणी. बोट आत घालून तळाचा खार निपटून ती चाटत होती. सासूला बघून ती हललीसुद्धा नाही.

गोदूबाई ओरडली नाही. तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि पदर तोंडाशी धरून रडायला लागली. त्या रडण्यानंच सरू हबकली. मारलं असतं तर बरं, असं तिला वाटलं असावं.

"रोज खातंस?"

"रोज नाय. जीव राहत नाय तवा." सरूनं बरणी खाली ठेवली. "आत्या, मना सपनातबी मीठच दिसतं. म्यां काय करू?"

"ते तू नाय खात. ते तुला खातंय. माज्या गल्याची शपथ घे."

सरूनं सासूच्या गळ्याला हात लावला. "तुमच्या गल्याची आन. देवीचीबी आन."

मिठाची बरणी धोंडुबाईच्या घरी गेली. काळुरामच्या भाजीपुरतं चिमूटभर रोज तिकडून यायचं. आणि हे नीट सांगायला हवं: त्यानंतर सरूनं एक कणही तोंडात घातला नाही.

गोदूबाईला स्वतःला व्रत चांगलं मानवलं. पावसाळ्यात तिच्या पायांवर सूज यायची, ती या वर्षी आली नाही. अंग हलकं वाटे. तिला वाटे, देवी पावते आहे. सरूचं मात्र उलटं होत गेलं. सकाळी अंथरुणातून उठून बसली की डोळ्यांपुढे अंधारी. चुलीपर्यंत जायची तर मधे खांबाला धरून उभी राहायची. बोलताबोलता वाक्य अर्ध्यावर सोडायची. गोदूबाई तिच्या कपाळाला अंगारा लावी आणि मनाशी म्हणे, निघतंय ते. निघताना धडपड करणारच.

नारळी पौर्णिमेला नाथा घरी आला. गोदूबाईचा हा एकुलता मुलगा, सरूचा नवरा, रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत कामाला होता. शिफ्ट सांभाळून महिना-दीड महिन्यानं यायचा. खाडीला नारळ घालायला सगळं गाव धक्क्यावर गेलं होतं. नाथा घरात शिरला तेव्हा सरू ओटीवरच पडलेली. त्यानं तिचं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"आये, ही अशी कधीपासून?"

"उतरतंय आता तिचं."

"काय उतरतंय?"

गोदूबाईला सांगता येईना. माघापासून जे पोटात ठेवलं ते मुलापुढे तोंडातून निघेना. ती म्हणाली, "बाधा हाय थोडी. कार्तिकीला बरी व्हईल."

"कार्तिकी बघंल का ही?" नाथा हे इतकं हळू म्हणाला की गोदूबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती चुलीपुढं बसली होती. तिचा हात फुंकणीवर होता, तो तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोह्याच्या दवाखान्यात न्यायला म्हणून नाथानं दोघींना पेण स्टेशनवर आणलं. रोह्यापर्यंत गाडी सुरू होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. एसटीच्या हिसक्यांपेक्षा आजाऱ्याला तेच बरं. गोदूबाईनं डब्यात भाकरी आणि अळणी भाजी घेतली होती. कासूपर्यंत सरू खिडकीला डोकं टेकून होती. नागोठणं गेलं आणि ती ओकली. मग तिची मान सासूच्या खांद्यावर पडली, आणि ती पडल्यावर जड झाली. गोदूबाईनं हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. सरूचे डोळे अर्धे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं.

रोह्याला नाथानं तिला दोन्ही हातांवर उचलून उतरवलं. दवाखान्यात पोचल्यावर रिक्षावाल्यानं पैसेही मागितले नाहीत.

डॉक्टर दिनानाथ सुळे साठीचे गृहस्थ. खुर्चीतून उठताना गुडघ्याला हात लावून उठायचे, पण त्या दिवशी तसेच उठले. त्यांनी ब्लडप्रेशर घेतलं, पट्टा सोडला, परत बांधला, परत घेतलं. विमलबाई म्हणून त्यांच्याकडे नर्स होती, तिला म्हणाले, "सलाईन लावा. थांबू नका." मग त्यांनी सरूचा तळहात उलटा करून उजेडात धरला. खालचा ओठ बोटानं ओढून हिरडी पाहिली. मनगटावरचा वण पाहिला. आणि मान वर न करताच विचारलं, "ही मीठ फार खाते का हो?"

गोदूबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला. या परक्या गावातल्या परक्या माणसाला देवीची गोष्ट कुणी सांगितली?

"आजी, तुम्हाला विचारतोय. मीठ मागते का? नुसतं, खडे वगैरे?"

"खायाची," गोदूबाई म्हणाली. "माघापासनं. चोरून खायाची. हिरडीवर लिव्हलंय का तसं?"

"जवळजवळ. मग आता?"

"आता नाय खात. सोडवलं मी."

डॉक्टरांनी मान वर केली. "सोडवलं म्हणजे?"

"चातुर्मासाचं. आषाढीपासनं. चोरायची, पन श्रावणी सोमवारी शपथ घातली. तवापासनं कण नाय पोटात."

नाथा आईकडे असा बघत होता, जणू ही बाई कोण हे त्याला आठवत नव्हतं. डॉक्टर कपाटाकडे गेले, एक इंजेक्शन फोडलं, आणि ते सरूच्या शिरेत जाईपर्यंत त्यांनी गोदूबाईकडे पाठच ठेवली. मग स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"आजी, ऐका. तुम्हाला रागवायला बसलेलो नाही. तुम्ही ऐकलं नाहीत तर ही परत इथंच येईल, किंवा येणारही नाही, म्हणून बसलोय."

त्यांनी सांगितलं ते गोदूबाईनं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. आपल्या अंगात गाठी असतात, रोगाच्या नव्हे, जन्मापासूनच्या. त्यांना ग्रंथी म्हणायचं. एक गळ्यात असते, थायरॉईड. एक डोक्यात, वाटाण्याएवढी, ती बाकीच्यांवर मुकादम. पोटात एक स्वादुपिंड, ते बिघडलं की साखरेचा आजार होतो. या ग्रंथी आपला रस सरळ रक्तात सोडतात. त्या रसाला हार्मोन म्हणतात. थेंबभरसुद्धा नसतो तो, पण त्याच्यावर माणूस उभा असतो.

"आणि मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात, टोपीसारख्या. अंगातलं मीठ अंगात धरून ठेवायचं काम त्यांच्या रसाचं. हिच्या त्या दोन्ही सुकल्यात. मीठ लघवीवाटे निघून जातंय. मिठाबरोबर पाणी जातंय, पाण्याबरोबर रक्ताचा दाब."

गोदूबाईच्या डोळ्यांपुढे मिठागर आलं. "बांध फुटल्यागत?"

"अगदी तसंच."

"आनि ही मीठ खायाची ती..."

"जेवढं वाहून जात होतं तेवढं हातानं भरत होती बिचारी. तिला कुणी सांगितलं नव्हतं. अंगानंच मागून घेतलं. त्याच्यावरच ती एवढे महिने जगली."

नाथानं सरूच्या पायांवरची चादर नीट केली.

"मग काली का पडली?" गोदूबाईनं विचारलं. हा तिचा शेवटचा आधार होता. मीठ चढलं नसेल तर हा रंग कुठला?

"डोक्यातला तो मुकादम. खालून रस येत नाही म्हटल्यावर तो हाका मारत सुटतो, अजून, अजून. त्याच्या त्या हाकांचाही एक रस असतो. त्यानं कातडी काळी पडते. रेषा, वण, हिरड्या, जिथं ऊन पोचत नाही तिथंसुद्धा." डॉक्टरांनी नाथाकडे पाहिलं. "लहानपणी हिला क्षय झाला होता का?"

"तिचे वडील सांगायचे, वर्षभर इंजेक्शनं घेतली होती."

"त्यानंच सुकल्या असतील. फोटो काढून बघू. पण औषध आहे. ग्रंथी देत नाही तो रस गोळीतून द्यायचा. रोज, जन्मभर. एक दिवस चुकवायचा नाही. आणि उपास नाही."

"येकबी नाय?"

"एकही नाही, आजी."

गोदूबाई बाकावर बसून राहिली. तिला रडू येत नव्हतं. ती एकच हिशेब पुन्हापुन्हा मांडत होती: दोघींच्या ताटात तीच भाजी, तीच भाकरी, तोच देव. माझी सूज उतरली आणि तिचा जीव उतरत होता. मी तिच्या कपाळाला अंगारा लावत होते आणि म्हणत होते, निघतंय. निघतच होतं की. मिठाची बरणी मी धोंडुबाईकडे पोचवली. माझ्या हातानं.

नाथा तिच्याजवळ आला नाही. तो बाहेर पायरीवर जाऊन बसला होता.

दुपारी सरूनं डोळे उघडले. नुसते उघडले नाहीत, तिनं खोली पाहिली, बाटली पाहिली आणि विचारलं, "रोहा आलं का?" विमलबाई म्हणाली, "कधीच आलं, बाय. तूच उतरायची राहिली होतीस." चार-पाच तासांत माणूस असं परत येतं हे गोदूबाईला बघवत नव्हतं. टॉनिकच्या दोन बाटल्या आणि सव्वा महिन्याचं व्रत एका पारड्यात, आणि या बाटलीतलं काय ते दुसऱ्या.

"काय हाय हो ह्या बाटलीत?" तिनं विमलबाईला विचारलं.

"सलाईन. मिठाचं पाणी."

गोदूबाई बाटलीतून पडणारे थेंब मोजू लागली.

तेवढ्यात डॉक्टरांच्या घरून तांदळाची पेज आली, चांगलं मीठ घातलेली. विमलबाईनं चमचा सरूच्या ओठांपाशी नेला. सरूच्या नाकाला पेजेचा वास लागला असावा. तिचे ओठ आपोआप उघडले. आणि तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मीठ हाय ना त्यात?"

"आहेच. डॉक्टरांनीच घालायला सांगितलंय."

"नको. आत्यांच्या गल्याची आन हाय माज्यावर. त्यांना काय झालं तर?"

विमलबाईनं गोदूबाईकडे पाहिलं. नाथा दारात येऊन उभा राहिला होता. गोदूबाई पुढे झाली, विमलबाईच्या हातातली वाटी घेतली आणि खाटेच्या कडेला बसली. तीस वर्षांत तिनं घेतलेलं व्रत मोडलं नव्हतं. बाळंतपणात नाही, नवऱ्याचा पाय मोडला तेव्हा नाही, आई गेली त्या एकादशीलाही नाही. तिनं पहिला चमचा आपल्या तोंडात घातला. सव्वा महिन्यानं ते मीठ जिभेला असं झोंबलं की डोळ्यांत पाणी आलं. तिनं तो घास गिळला. दुसराही गिळला, सरूला दिसेल असा.

"बघ. माजा गला शाबूत हाय. आता घे."

"आत्या, देवी कोपंल."

"कोपली तर माज्यावर कोपंल. मी सांगून ठेवलंय तिला."

"कवा सांगितलंत?"

"आत्ता. तोंड उघड."

सरूनं तोंड उघडलं. पहिला घास तिनं बराच वेळ तोंडातच धरला, मग गिळला, आणि मग चमच्याची वाट न बघता वाटीलाच हात घातला. गोदूबाई तिच्या हनुवटीवरून ओघळणारी पेज पदरानं टिपत होती.

"सावकाश गो. कोन पलवत नाय तुजी वाटी," ती म्हणाली, आणि आपल्याच तोंडून काय निघालं ते ऐकून गप्प झाली.

वाटी संपली. नाथानं दुसरी मागितली आणि आईच्या हातात दिली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. वाटी काठोकाठ भरलेली होती. काठावरून पेज सांडून तिच्या बोटांवर येत होती, गरम होती, आणि गोदूबाईला ते कळत नव्हतं.